किरणची भीती, राहुलची गाणी

'डर' पाहिलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो. ज्याने एका मुलीचे जगणे मुश्कील केले, जो तिच्या नवऱ्याच्या जिवावर उठला, त्या राहुलबद्दल शेवटी वाईट का वाटते? यश चोप्रांचा हा चित्रपट 24 डिसेंबर 1993 रोजी प्रदर्शित झाला. त्याचा नायक सनी देओल होता, नायिका जुही चावला. लोकांनी मात्र डोक्यावर घेतले ते खलनायकाला, शाहरुख खानला. किरणचे नाव घेताना त्याची अडखळणारी जीभ पुढे नकलाकारांच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षे वाजत राहिली. एकतर्फी प्रेमाने पछाडलेल्या माणसाची गोष्ट पडद्यावर नेमकी कशी काम करते, हे समजून घ्यायला या चित्रपटाइतके सोयीचे उदाहरण हिंदीत दुसरे नाही.

1. गोष्ट

किरण अवस्थी सिमल्याला कॉलेजात शिकते. नौदलातला कमांडो सुनील मल्होत्रा याच्यावर तिचे प्रेम आहे आणि घरच्यांचाही त्याला विरोध नाही. होळीसाठी ती भाऊ विजय आणि वहिनी पूनम यांच्याकडे येते, आणि तिला निनावी फोन येऊ लागतात. फोन करणारा राहुल मेहरा तिच्याच कॉलेजातला, अबोल, कधी समोर येऊन न बोललेला मुलगा. तो सुनीलच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा, कॅप्टन मेहरांचा मुलगा आहे. त्याची आई तो लहान असतानाच गेलेली आहे. तरी तो फोन उचलून तिच्याशी तासन्‌तास बोलतो.

पुढे फोनवर भागत नाही. राहुल स्वतःच्या छातीवर चाकूने किरणचे नाव कोरतो, तिच्या नव्या घराच्या भिंती प्रेमाच्या मजकुराने भरून टाकतो, सुनीलला मारायला बघतो. छळ करणारा आता उरला नाही, अशा समजुतीत किरण आणि सुनील लग्न करून स्वित्झर्लंडला जातात, आणि तिथे राहुल जुना ओळखीचा म्हणून हसत समोर उभा राहतो. शेवट एका बोटीवर होतो. ऑस्ट्रेलियन चित्रपट 'डेड काम' (1989) याच्याशी या शेवटाचे साम्य अनेकांनी दाखवून दिले आहे. सुनीलच्या हातून राहुल मरतो आणि चित्रपट संपतो.

कथा-पटकथा हनी इराणींची, संवाद जावेद सिद्दीकींचे, छायाचित्रण मनमोहन सिंग यांचे. संगीत शिव-हरी, म्हणजे संतूरवादक शिवकुमार शर्मा आणि बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांचे. चोप्रांचा, हनी इराणींनीच लिहिलेला 'लम्हे' (1991) तिकीटबारीवर चालला नव्हता, त्यांचा 'परंपरा' (1993) हाही पडला होता. प्रेमकथांसाठी ओळखला जाणारा दिग्दर्शक त्यानंतर भीतीकडे वळला, पण त्याने आपली हत्यारे बदलली नाहीत. बर्फाच्छादित डोंगर, शिफॉनच्या साड्या, हळुवार चाली, सगळे तेच राहिले. या प्रकरणातला बराचसा उलगडा या एका गोष्टीतून होतो.

2. प्रेम, ओढ आणि भ्रम

राहुलला जे झाले आहे त्याला प्रेम म्हणायचे का? मानसशास्त्राने या प्रदेशात काही खुणा रोवल्या आहेत.

पहिली खूण साध्या ओढीची. डोरोथी टेनोव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी शेकडो लोकांशी बोलून 1979 मध्ये या अवस्थेला 'लिमरन्स' असे नाव दिले. एकाच व्यक्तीचे विचार नको असताना मनात येत राहतात. तिने हसून पाहिले की दिवस सोन्याचा होतो, पाहिले नाही की जेवण जात नाही. टेनोव्हबाईंचे मुख्य निरीक्षण असे की ही ओढ अनिश्चिततेवर पोसली जाते. स्पष्ट होकार मिळाला तर ती हळूहळू नात्यात मुरते, स्पष्ट नकार मिळाला तर बहुधा ओसरते. 'कदाचित' मात्र तिला वर्षानुवर्षे जिवंत ठेवू शकते. हा आजार नव्हे. यातून असंख्य माणसे जातात आणि कुणाला इजा न करता बाहेर येतात.

दुसरी खूण भ्रमाची. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ गाएताँ द क्लेरांबो यांनी 1921 मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांना ठाम खात्री असते की समोरची व्यक्तीच आपल्यावर प्रेम करते, फक्त उघड सांगू शकत नाही. या खात्रीपुढे कोणताही पुरावा टिकत नाही. तिने पत्र परत पाठवले, तर घरच्यांच्या धाकाने पाठवले. तिने पोलिसांत तक्रार केली, तर ती परीक्षा पाहते आहे. नकारालाच गुप्त होकार मानणारे हे मन युक्तिवादाने बदलत नाही.

तिसरी खूण वागणुकीची. ऑस्ट्रेलियातील पॉल मुलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये पाठलाग करणाऱ्या 145 व्यक्तींचा अभ्यास करून त्यांचे पाच प्रकार मांडले : नाते तुटल्यावर मागे लागणारे, अनोळखी व्यक्तीशी जवळीक शोधणारे, संबंध जुळवण्याची रीतच न कळणारे, सूड घेणारे आणि हल्ल्याच्या तयारीसाठी पाळत ठेवणारे. त्यांत सर्वांत मोठा गट पहिल्यांचा, म्हणजे पूर्वीच्या जोडीदारांचा होता. पडद्यावर पाठलाग करणारा अंधारातून येतो; प्रत्यक्षात तो पुष्कळदा पूर्वीचा नवरा किंवा मित्र असतो.

राहुल या पाचांपैकी दुसऱ्या, जवळीक शोधणाऱ्यांच्या प्रकारात बसतो. चित्रपट मात्र त्याच्या वागण्याचे कारण आईच्या मृत्यूत शोधतो आणि तेवढ्यावर थांबतो. मेलेल्या आईशी फोनवर बोलणारा मुलगा पाहिला की प्रेक्षकाचा राग अर्धा विरघळतो. पटकथेची ही युक्ती हुशार आहे, पण तिची किंमत आहे. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कुणाच्या मागे लागत नाहीत, आणि मागे लागणाऱ्या पुष्कळांना असा कोणताही आजार नसतो. 'बिचारा आजारी' आणि 'घातकी वेडा' ही दोन्ही लेबले खऱ्या रुग्णांवर अन्याय करतात.

3. डोळा कोणाचा

आता मूळ प्रश्नाकडे. चित्रपटाचे अभ्यासक मरी स्मिथ यांनी 1995 मध्ये एक उपयुक्त भेद मांडला. प्रेक्षक एखाद्या पात्राच्या सोबत असणे वेगळे आणि त्याच्या बाजूने असणे वेगळे. सोबत म्हणजे कॅमेरा कोणाबरोबर फिरतो, कोणाचे एकटेपण आपण पाहतो, कोणाच्या मनातले आपल्याला कळते. बाजू म्हणजे कोण बरोबर आहे असे आपल्याला वाटते. दोन्ही एकत्र असतीलच असे नाही, पण पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर फार सहज होते. लांबच्या रेल्वेप्रवासात समोरच्या बाकावर कोण बसणार हे आपण ठरवत नाही. तरी रात्र उलटेपर्यंत त्याचे डबे, त्याची दुखणी, त्याच्या मुलांची नावे आपल्याला पाठ झालेली असतात आणि टीसी त्याच्यावर ओरडला तर आपल्यालाच लागते.

'सायको' (1960) मध्ये हिचकॉकने हे काही सेकंदांत करून दाखवले. त्यातला नॉर्मन खुनाचा पुरावा लपवण्यासाठी गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता मध्येच थांबते. त्या क्षणी प्रेक्षकाला वाटते, बुडायला हवी! कुणाचा खून झाला हे ठाऊक असूनही वाटते, कारण त्या वेळी आपण नॉर्मनच्या शेजारी उभे असतो.

'डर' हेच जवळजवळ तीन तास करतो. राहुलची रिकामी खोली, त्याचे आईशी बोलणे, वडिलांपुढचे अवघडलेपण हे सगळे प्रेक्षक पाहतो. सुनीलचे एकटेपण कधीच दिसत नाही. तो येतो, शौर्य गाजवतो, किरणला मिठीत घेतो. त्याला मनात साठवून ठेवण्यासारखे काही दिलेलेच नाही. राहुलच्या वाट्याला मन आले आणि सुनीलच्या वाट्याला दंड.

त्यात गाणी. सुरुवातीचे 'जादू तेरी नज़र' नीट पाहावे. सिमल्याच्या निसर्गात किरण एकटी आहे, कुणीतरी लपून गातो आहे. तिला वाटते तो सुनीलच, म्हणून ती हसत आवाजाचा माग काढत जाते. गाणारा राहुल आहे. गाण्याचे ध्रुवपद तिच्या होकार-नकाराला काही किंमत नाही असेच सांगते, पण चाल इतकी गोड आणि उदित नारायणचा आवाज इतका निर्मळ की शब्दांतली धमकी कानाला टोचत नाही. किरणचे हसू तिच्या गैरसमजातून आलेले आहे. ते पडद्यावर राहुलच्या गाण्याला मिळालेल्या प्रतिसादासारखे दिसते. पाळत ठेवली जात असलेली मुलगी प्रेमगीतातल्या नायिकेसारखी चित्रित झाली, आणि पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकाच्या मनात राहुल 'प्रियकर' म्हणून नोंदला गेला. पुढे 'तू मेरे सामने' या गाण्यात तर राहुलचे दिवास्वप्न आहे. त्यात किरण त्याच्यावर प्रेम करते. जे कधी घडलेच नाही ते प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि डोळ्यांनी पाहिलेले सहज पुसले जात नाही. चित्रपटाचे नाव किरणच्या भावनेवरून ठेवले आहे, पण त्यातली सर्वांत लाडकी गाणी राहुलच्या वाट्याला आली आहेत.

हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' (1958) मध्येही एक पुरुष एका स्त्रीच्या मागे सॅन फ्रान्सिस्कोभर फिरतो. ती मेली असे समजल्यावर तो दुसरीला तिच्यासारखे कपडे आणि तिच्यासारखे केस ठेवायला भाग पाडतो. बराच काळ कॅमेरा त्याच्याच डोळ्याने पाहतो. मग दुसऱ्या स्त्रीचे गुपित तो माणूस सोडून फक्त प्रेक्षकाला सांगितले जाते. तिथून तीच ओढ तिच्या बाजूने दिसू लागते, आणि मघापर्यंत करुण वाटणारा माणूस क्रूर वाटायला लागतो. घटनांचा क्रम तोच, पाहणारा बदलला.

4. माहीत असण्याची भीती

रहस्यपट आणि थरारपट यांतला फरकही इथेच समजतो. रहस्यपटात गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत ठाऊक नसते. थरारपटात बहुधा ते आधीच ठाऊक असते. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले होते. दोघे गप्पा मारत आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब आहे आणि तो अमुक वाजता फुटणार हे आधी दाखवले, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटे श्वास रोखायला लावतात.

'डर'मध्ये बॉम्ब म्हणजे राहुलचा चेहरा. प्रेक्षकाला तो माहीत आहे, किरणला फक्त आवाज माहीत आहे. होळीच्या प्रसंगात ही दरी सर्वांत चांगली वापरली आहे. अंगण माणसांनी भरलेले आहे, ढोल वाजत आहेत, आणि रंगाने माखलेला चेहरा घेऊन राहुल वाजवणाऱ्यांतच मिसळला आहे. एरवी अनोळखी माणसाने मुलीच्या गालाला हात लावला तर गहजब होईल. होळीत तो रंग ठरतो. ज्या दिवशी सगळ्यांचेच चेहरे झाकलेले असतात आणि स्पर्शाला मुभा असते, तोच दिवस पटकथेने निवडला. सुनील त्याचा पाठलाग करतो, पण रंगलेल्या गर्दीत तो निसटतो.

स्वित्झर्लंडमध्ये हीच दरी वेगळ्या तऱ्हेने ताणली जाते. तिथे राहुल नवरा-बायकोशी मैत्री करतो. साधे बोलणे चालले आहे, बाहेर लख्ख ऊन आणि पांढरा बर्फ आहे, कुठेही अंधार नाही. भयपटाची नेहमीची सामग्री नसतानाही भीती वाटते, कारण टेबलाशी कोण बसले आहे हे फक्त प्रेक्षकाला कळलेले असते. मनमोहन सिंग यांना या चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

एक अडचण पटकथेला नीट सोडवता आली नाही. प्रशिक्षित कमांडो विरुद्ध एक कॉलेजातला मुलगा, हा सामना टिकवायचा तर कमांडोला अधूनमधून बेसावध करावे लागते. राहुल सुनीलला भोसकतो त्या प्रसंगावर सनी देओलचा आक्षेप हाच होता, आणि तो त्याने नंतर टीव्हीवरच्या मुलाखतीत बोलूनही दाखवला. अभिनेत्याच्या प्रतिमेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तर्क म्हणून तो आक्षेप बरोबर आहे.

5. किरण

या चित्रपटाच्या चर्चेत जुही चावलाचे काम मागे पडते, हे खेदाचे आहे. भीती ही हळूहळू घर कशी पोखरते हे तिने टप्प्याटप्प्याने दाखवले आहे. आधी फोनची गंमत वाटते. मग चीड येते. मग फोन वाजला की शरीर आधी दचकते आणि मन नंतर. शेवटी घरातली प्रत्येक खिडकी, प्रत्येक पडदा संशयाचा होतो.

1993 साली घरातला फोन ही साऱ्या घराची वस्तू होती. तो दिवाणखान्यात असे, कोणीही उचलत असे आणि बहुतेक घरांत पलीकडून कोण बोलतो आहे ते दिसण्याची सोय नव्हती. फोन न उचलावा, तर नोकरीवर गेलेल्या सुनीलचा असेल तर? ज्या तारेने प्रिय माणसाचा आवाज येतो त्याच तारेने छळही येतो, आणि म्हणून ती तोडता येत नाही. आज जागा मोबाइलने घेतली आहे. एक नंबर अडवला तर दुसऱ्यावरून संदेश येतो. कोंडी तीच आहे.

6. बाई असती तर

राहुलला मिळालेली सहानुभूती केवळ तंत्राची करामत होती की आणखी काही? त्यासाठी दुसरा एक चित्रपट शेजारी ठेवावा लागतो. एड्रियन लाइन दिग्दर्शित 'फेटल ॲट्रॅक्शन' (1987) मध्ये ध्यास घेणारी स्त्री आहे. विवाहित पुरुषाबरोबरच्या दोन दिवसांच्या संबंधानंतर ॲलेक्स त्याचा पिच्छा सोडत नाही. मूळ शेवटात ती आत्महत्या करते आणि संशय त्याच्यावर येतो. प्रदर्शनापूर्वी चाचणी खेळांना हा शेवट प्रेक्षकांना रुचला नाही. तिला शिक्षा झालेली त्यांना पाहायची होती. ॲलेक्सचे काम करणाऱ्या ग्लेन क्लोजचा विरोध असतानाही शेवट पुन्हा चित्रित झाला, आणि नव्या शेवटात त्या पुरुषाची बायको तिला गोळी घालते.

ध्यासाने पछाडलेली बाई मरावी असे अमेरिकन प्रेक्षकाला वाटले. ध्यासाने पछाडलेला पुरुष मेला तेव्हा भारतीय प्रेक्षक हळहळला. दोन देश, दोन चित्रपट, त्यामुळे तुलना सरळसोट नाही. तरी पुरुषाच्या हट्टाला प्रेमाची खोली मानण्याची सवय हिंदी प्रेक्षकाला 'डर'ने लावली नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. नायिकेच्या सायकलपुढे आडवे उभे राहणारे, तिची ओढणी धरणारे, 'नाही' ऐकून गाणे सुरू करणारे नायक त्याआधी कितीतरी वर्षे पडद्यावर होते आणि त्यांना शेवटी नायिका मिळत होती. राहुल त्यांच्याच मार्गाने चार पावले पुढे गेला, इतकेच. प्रेक्षकाला तो परका वाटला नाही.

शाहरुख खानने त्याच काळात 'बाज़ीगर' (1993) आणि 'अंजाम' (1994) यांतही काळ्या छटेच्या भूमिका केल्या. 'अंजाम'मधला प्रियकर 'डर'मधल्यापेक्षा कितीतरी क्रूर आहे आणि चित्रपट ठामपणे माधुरी दीक्षितच्या पात्रामागे उभा राहतो. त्या भूमिकेसाठी शाहरुखला खलनायकाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, पण 'अंजाम'च्या नायकाच्या नकला कोणी केल्या नाहीत. 'डर'ला मात्र निखळ मनोरंजन करणारा सर्वोत्तम लोकप्रिय चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि कन्नडमध्ये 'प्रीत्से' (2000) या नावाने तो पुन्हा बनला.

7. पडद्याचा परिणाम होतो का

चित्रपट पाहून कोणी गुन्हेगार होत नाही, असे म्हटले जाते. ते ढोबळपणे खरे आहे, पण प्रश्न इतका जाडाभरडा नाही. मिशिगन विद्यापीठातील संशोधक ज्युलिया लिपमन यांनी स्त्रियांच्या काही गटांना वेगवेगळे चित्रपट दाखवले. काहींत पुरुषाचा पाठलाग गमतीदार आणि रोमँटिक होता, काहींत भयावह. पहिल्या प्रकारात पाठलाग खराखुरा वाटला त्या प्रेक्षकांचा 'पाठलाग म्हणजे खऱ्या प्रेमाची खूण' यांसारख्या समजुतींकडे अधिक कल दिसला. भयावह चित्रण पाहणाऱ्यांत अशा समजुती कमी झाल्या. म्हणजे विषय कोणता यापेक्षा तो कसा दाखवला याने फरक पडतो. 'डर' या दोन्हींच्या मधोमध उभा आहे : किरणचे प्रसंग भयावह, राहुलचे प्रसंग रोमँटिक.

हा वाद एकदा न्यायालयातही पोचला. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्यात 2015 मध्ये दोन स्त्रियांचा पाठलाग केल्याबद्दल एका भारतीय तरुणावर खटला चालला. हिंदी चित्रपट पाहून चिकाटीने मागे लागणे हे त्याला सर्वसामान्य वाटत होते, असा बचाव त्याच्या वकिलाने केला आणि त्याची तुरुंगवासाची शिक्षा टळली. त्या स्त्रियांची भीती मात्र या बचावाने तसूभरही कमी झाली नसणार.

8. राहुल आज असता तर

'डर' आला तेव्हा भारतात पाठलागाविरुद्ध स्वतंत्र कायदा नव्हता. विनयभंग, स्त्रीच्या लज्जेचा अवमान, निनावी धमकी अशा कलमांत गुन्हा बसवावा लागे. जगातही हा विचार नवाच होता. एका तरुण अभिनेत्रीचा तिच्या मागे लागलेल्या चाहत्याने 1989 मध्ये खून केला, त्यानंतर कॅलिफोर्नियाने 1990 मध्ये अमेरिकेतला असा पहिला कायदा केला. भारतात दिल्लीतील डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्या. जे. एस. वर्मा समिती बसली आणि 2013 च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम 354-ड आले. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 ने घेतली आहे.

या कलमाचा गाभा सोपा आहे. स्त्रीने रस नसल्याचे स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष वारंवार तिच्या मागे जाऊन संपर्क साधतो किंवा साधायचा प्रयत्न करतो, तर तो गुन्हा. तिच्या इंटरनेटच्या, ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणे हाही गुन्हा.

राहुलची कृत्ये या मापाने मोजून पाहावीत. सिमल्यात लपून गायलेले गाणे बहुधा कलमात बसणार नाही. किरणने अजून नकार दिलेला नाही, तिला तो माहीतच नाही. पहिला फोनही बसणे अवघड. पण ती चिडून फोन आपटते, पुन्हा करू नकोस म्हणते, आणि त्यानंतरही फोन येत राहतात, तो तिच्या घरापर्यंत येतो, होळीत शिरतो, तिथे गुन्हा पूर्ण होतो. चाकू, रक्त, सुनीलवरचा हल्ला यांची वाट पाहावी लागत नाही. त्याला आईची आठवण येत होती का, त्याचे प्रेम खरे होते का, हे गुन्हा ठरवताना विचारले जात नाही. मनोविकाराचा बचाव वेगळा सिद्ध करावा लागतो. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, आणि तो गुन्हा जामीनपात्र आहे. पुन्हा दोषी ठरल्यास कैद पाच वर्षांपर्यंत जाते आणि जामीन हक्काने मिळत नाही.